गोल हुकलेल्या पोरीला बाहेर बोलावू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

भारताला गोल करणारा खेळाडू का मिळत नाही, हा प्रश्न आपल्या क्रीडा पानावर दर काही महिन्यांनी येतो. उत्तरात संघटना येते, पैसा येतो, परदेशी प्रशिक्षक येतो. मैदानाची कड कधी येत नाही. मी एकोणतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, त्यातली बावीस वर्षं मुलींना फुटबॉल शिकवला आणि निवृत्तीनंतरही वडाळ्याच्या एका मैदानावर दर रविवारी शिकवते. जे मला कडेला उभं राहून दिसतं, ते लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, तरी शक्य असेल तर कापू नका.

मागच्या महिन्यात बांद्रा रेक्लमेशनच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर तेरा वर्षांखालच्या मुलींचा सामना बघायला गेले होते. आमच्याकडे सुरुवात केलेली एक पोरगी आता दुसऱ्या संघातून खेळते, अकरा नंबर. विसाव्या मिनिटाच्या सुमारास तिनं डावीकडून आत येत बॅकला, म्हणजे बचाव करणाऱ्या मुलीला, सुंदर हूल दिली. गोलकीपर पुढे आली आणि हिचा बॉल पोस्टपासून हातभर बाहेर गेला. कडेवरून तिचे वडील ओरडले, "अगं, एवढा सोपा!" पुढच्याच मिनिटाला कोचनं तिला बाहेर बोलावलं. बाकावर बसून ती बुटाच्या नाड्या सोडत होती, परत बांधत होती. दुसऱ्या हाफमध्ये तिला पुन्हा घेतलं. त्या पंचवीस मिनिटांत ती गोलच्या आसपास फिरकली नाही. मिळालेला प्रत्येक बॉल तिनं मागे दिला. वडील मला म्हणाले, "आता बघा बाई, एकही बॉल वाया घालवत नाहीये."

माझ्या पोटात खड्डा पडला, कारण हे मी ओळखते.

सामना संपल्यावर मी दोन्ही संघांतल्या सात-आठ जणींना विचारलं, की या मैदानाला ज्यांचं नाव आहे ते कोण? एकीला वाटलं चर्चमधले कुणी फादर असतील. दुसरीला वाटलं नगरसेवक. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यांचाच. स्पर्धेत त्यांचे चार गोल झाले, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत ते संयुक्त पहिले होते आणि भारत चौथा आला. हा माणूस मुंबईत टाटा आणि कॅलटेक्सच्या संघांकडून खेळलेला. त्यांच्याच नावाच्या मैदानावर आपण गोल करायला पुढे खेळणाऱ्या एका फॉरवर्ड मुलीला शिकवून टाकलं, की गोलवर मारू नकोस.

ओळखते म्हणाले, त्याचं कारण सांगते. १९८२ साली मी अठरा वर्षांची होते. नायगावच्या चाळीत भावांबरोबर खेळून तयार झालेली फॉरवर्ड. एका निवड चाचणीत माझ्यासमोर रिकामा गोल होता आणि मी बॉल वरून मारला. निवड करणाऱ्यांपैकी एकजण सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला मागे टाका." मला स्टॉपर केलं, म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहून समोरच्या फॉरवर्डला अडवायचं. पुढची सहा वर्षं मी स्टॉपरच खेळले आणि चांगली खेळले. पण त्या सहा वर्षांत गोलच्या दिशेनं मी एकही शॉट मारला नाही. सराव संपल्यावर मैत्रिणी मजेत शॉट मारत, तेव्हाही मी बॉल गोळा करायला जायचे.

त्या सहा वर्षांनी मला एक मात्र दिलं. फॉरवर्डला काय यायला हवं, हे मी तिला अडवणारीच्या जागेवरून शिकले. पायात बॉल घेऊन समोरून येणाऱ्या पोरीची मला कधी भीती वाटली नाही. ती दिसत होती ना. भीती वाटायची ती न दिसणारीची. बॉल उजव्या बाजूला असला की माझी मान उजवीकडे आणि ती माझ्या डाव्या खांद्यामागे. तिला बघायला मान वळवली तर बॉल सुटतो, बॉल बघितला तर ती सुटते. मग क्रॉस येतो आणि ती माझ्या पुढ्यात उगवलेली असते. एका सामन्यात एका अशा मुलीनं आमच्यावर दोन गोल केले. तिच्या पायाला बॉल सबंध सामन्यात पाच-सहा वेळाच लागला असेल. धावायलाही ती काही फार वेगवान नव्हती.

म्हणून मी फॉरवर्डला पहिले दोन महिने बॉलशिवायच जास्त शिकवते. पालकांना हे पटत नाही. त्यांना कोनमधून ड्रिबल करणारी, मोबाइलवर छान दिसणारी मुलगी हवी असते. मी मात्र पोरीच्या पाठीमागे उभी राहून बोटं वर करते. समोरून पास निघाला की तो पायात यायच्या आत तिनं मान फिरवून आकडा ओरडायचा. "तीन!" "एक!" सुरुवातीला आकडा बरोबर येतो तेव्हा बॉल पायाखालून निघून जातो. महिन्याभरात दोन्ही जमतं. मग पुढचं: बॉल जवळच्या पायावर न घेता लांबच्या पायावर घ्यायचा, अंग अर्धं वळवून, म्हणजे पहिल्याच टचला तोंड गोलकडे होतं. जी बॉल आल्यावर बघते तिला दोन टच जास्त लागतात आणि तेवढ्यात स्टॉपर येऊन चिकटते. मी स्वतः कितीतरी जणींना अशीच चिकटले आहे.

दुसरी गोष्ट थांबण्याची. विंगवरची, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारी, मुलगी थेट गोललाइनपर्यंत पोहोचली की सगळ्या बॅक जीव खाऊन स्वतःच्या गोलकडे पळतात. आपली फॉरवर्डही त्यांच्याबरोबर पळते आणि गर्दीत सापडते. तिनं त्या क्षणी ब्रेक लावला, पेनल्टीच्या ठिपक्याजवळ थांबली, तर तिथे कुणीही नसतं. विंगवरून मागे आलेला जमिनीलगतचा पास तिच्यासाठी ताटात वाढल्यासारखा असतो. शिकवायला हे सगळ्यात अवघड, कारण लहान पोरीला थांबणं म्हणजे आळस वाटतो आणि कडेवरून "पळ, पळ" चालू असतं.

आपल्या मुलींना यातलं निम्मं आधीच येतं, फक्त त्यांना ते माहीत नसतं. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी लालबाग-परळच्या कबड्डीतल्या. चढाई करणारी पोरगी समोरच्या बचावपटूच्या डोळ्यांकडे बघत नाही, पायांकडे बघते. अंगाचं वजन कुठल्या पायावर आहे? त्याच पायाच्या बाजूनं निघायचं, कारण भार असलेला पाय पटकन उचलता येत नाही. फुटबॉलमध्ये बॅकला चकवायचं तंत्र अगदी हेच आहे. खो-खोतली पोरगी धावता धावता एका बाजूला खांदा टाकते आणि दुसरीकडे निघते. हीच हूल बॉल यायच्या आधी द्यायची: दोन पावलं बॉलकडे, बॅक मागे येते, मग एकदम उलटं फिरून तिच्या पाठीमागे. आम्ही याला वेगळा शब्द काढला नाही. "हूल दे आणि जा" एवढंच म्हणते, सगळ्यांना कळतं.

टर्फबद्दल, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानांबद्दल, थोडं. मी टर्फच्या विरोधात नाही. मुंबईत जागा नाही, पावसात मैदानांचा चिखल होतो आणि छोट्या जागेत पाय चपळ होतात हे खरं आहे. पण पाच-पाचच्या खेळात बहुतेक ठिकाणी ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना बॅकच्या रांगेपुढे उभं राहायची बंदी, नसतो. त्यामुळे बॅकच्या रांगेशी समांतर राहायचं, पास सुटण्याच्या क्षणाला निघायचं, हे मूल शिकतच नाही. ते गोलकीपरशेजारी उभं राहतं आणि बॉलची वाट बघतं. मोठ्या मैदानावर आल्यावर सामन्यात पाच-पाच वेळा झेंडा वर जातो आणि मुलं रडकुंडीला येतात. शिवाय टर्फवरचा गोल छोटा, म्हणून सगळे जोरात मारायला शिकतात. खरा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्याच्या लांबच्या कोपऱ्यात पायाच्या आतल्या बाजूनं, जमिनीलगत, पास दिल्यासारखा बॉल सरकवला तर गोलकीपरला पूर्ण झेप घ्यावी लागते. तिनं हात लावलाच तर बॉल बहुतेक वेळा मैदानातच परत येतो आणि मागून धावत येणाऱ्या आपल्या दुसऱ्या मुलीला मिळतो. जवळच्या पोस्टला मारून हुकला की बाहेर, खेळ थांबला. एवढा साधा हिशेब पंधरा वर्षांच्या मुलांनाही कुणी सांगितलेला नसतो.

२०१८ च्या जूनमधली गोष्ट. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात चार देशांची स्पर्धा होती. चिनी तैपेईविरुद्धच्या पहिल्या सामन्याला भारताचा कप्तान सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली, भारत ५-० जिंकला आणि प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओवर हात जोडून लोकांना बोलावलं. शिव्या घाला, पण स्टेडियममध्ये येऊन घाला, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. मी वडाळ्याहून हार्बरच्या लोकलनं नऊ मुलींना घेऊन गेले. पाऊस कोसळत होता, स्टेडियम भरलेलं. मी मुलींना सांगितलं, पहिली दहा मिनिटं बॉल बघायचा नाही, फक्त अकरा नंबरचा छेत्री बघायचा. पाचव्या मिनिटाला एक वैतागली, "बाई, तो नुसता चालतोय." मी म्हटलं, चालताना मान बघ. मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. डावीकडे, मागे, परत डावीकडे. त्याच्या बाजूला बॉल नसतानाही त्याची मान थांबत नव्हती. पहिल्या हाफमध्ये गोल नाही. चिखलात बॉल अडत होता. उत्तरार्धात त्यानं पेनल्टीवर गोल केला, जेजेनं दुसरा, आणि अगदी शेवटी छेत्रीनं गोलकीपरच्या डोक्यावरून हलकेच उचलून तिसरा. परतीच्या गाडीत त्या नऊ जणी भिजलेल्या, गारठलेल्या आणि एकमेकींच्या मागे बोटं धरून आकडे ओरडत होत्या. डब्यातल्या बायका बघत राहिल्या.

छेत्रीची उंची पाच फूट सात इंच आहे. तरी त्यानं डोक्यानं किती गोल केले ते आठवून पाहा. उंच स्टॉपरच्या आधी तो त्या जागी पोहोचलेला असायचा.

आता मुद्द्याचं. जगातल्या मोठ्या लीगमध्येही साधारण दहा शॉट्समागे एकच गोल होतो. म्हणजे लाखो-करोडो मिळवणारा स्ट्रायकरही बहुतेक वेळा हुकतोच. त्याचं वेगळेपण एवढंच, की हुकल्यानंतरच्या मिनिटाला तो परत त्याच जागी जातो. फ्रान्सचा थिएरी आन्री १९९९ मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला आला तो विंगर म्हणून खेळलेला. कोच वेंगर यांनी त्याला मध्ये उभं केलं आणि पहिल्या आठ सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. त्याला परत विंगवर पाठवलं असतं तर कुणी दोष दिला नसता. वेंगर थांबले. आन्रीनं पुढे त्या क्लबसाठी २२८ गोल केले.

आपल्याकडे तेरा वर्षांच्या मुलीला आठ सामने सोडा, आठ मिनिटं मिळत नाहीत. आणि मूल हुशार असतं, ते उपाय शोधतं. उपाय म्हणजे लपायचं. बॅकच्या सावलीत उभं राहायचं, म्हणजे पास येत नाही. आलाच तर मागे द्यायचा. असं मूल चुकत नाही, म्हणून कुणी ओरडत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं ते सुधारलं. अकरा नंबरच्या वडिलांना तेच वाटलं, आणि त्यांना मी दोष देत नाही. पोरीवर त्यांचा जीव आहे, ते शनिवारची रात्रपाळी करून सकाळी थेट मैदानावर येतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मी गेली कित्येक वर्षं फॉरवर्ड मुलींचे गोल वहीत लिहीत नाही. गोल सगळ्यांच्या लक्षात राहतात. मी लिहिते की सामन्यात ती किती वेळा गोलच्या तोंडाशी पोहोचली, बॉल मिळो न मिळो, आणि हुकल्यावर पुढच्या पाच मिनिटांत परत पोहोचली का. सामना संपला की वही दाखवते. एका मुलीनं एका हंगामात जवळजवळ काहीच गोल केले नव्हते, पण वहीत रेघा वाढत होत्या. घरचे म्हणाले, तिला बॅक करा. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी आमच्या निम्म्याहून जास्त गोल तिचे होते. सगळ्यांच्या बाबतीत असं झालं नाही, हेही सांगायला हवं. दोघी-तिघी कंटाळून सोडून गेल्या. त्यांच्यासोबत मी आणखी काय करायला हवं होतं, याचा विचार अजून करते.

शॉटच्या सरावातही मी दमल्यावरच शॉट घ्यायला लावते, कारण सामन्यात शॉट दमल्यावरच येतो. आणि हुकला की मागे वळून कुणाकडे बघायचं नाही, असा एकच नियम आहे. ना माझ्याकडे, ना आईबाबांकडे. पेनल्टीला बाजू आधी ठरवायची आणि अकरा मीटरवर ठेवलेल्या बॉलकडे धावत येताना ती बदलायची नाही. गोलकीपरनं अडवला तर अडवला.

याचा देशाच्या संघाशी संबंध आहे का? मला वाटतं थेट आहे. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलचं बक्षीस, एकाही भारतीयाला मिळालं नाही. क्लब नऊ नंबरसाठी, म्हणजे मधल्या मुख्य फॉरवर्डच्या जागेसाठी, परदेशातला तयार माणूस आणतात, कारण त्यांना आजच गोल हवे असतात. खालच्या वयोगटातला कोचही मग वेगवान मुलाला विंगवर ढकलतो, कारण मध्ये जागाच नाही. जून २०२४ मध्ये छेत्री निवृत्त झाला आणि वर्ष भरायच्या आत, मार्च २०२५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी त्याला परत यावं लागलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. मला त्याचं कौतुक वाटलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. मुलींच्या बाजूनं बघा. २० जानेवारी २०२२ ला नवी मुंबईत आशिया चषकाच्या पहिल्या सामन्यात आपण इराणशी ०-० बरोबरी केली. इराण त्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता आणि संधी आपल्याला भरपूर आल्या होत्या. तीन दिवसांनी कोविडमुळे संघच उभा करता आला नाही, स्पर्धा संपली. त्या संधींपैकी एक जरी आत गेली असती तर घरच्या मैदानावरचा निदान एक विजय तरी त्या मुलींना अनुभवता आला असता. त्या हुकल्या म्हणून मी त्यांना बोल लावत नाही. लहानपणी त्यांना किती वेळा हुकू दिलं होतं, एवढंच मला विचारायचं आहे.

शालेय आणि वयोगटाच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की चौदा वर्षांखालच्या सामन्यांत गोल हुकल्यानंतर निदान दहा मिनिटं त्या मुलाला बाहेर काढता येणार नाही, असा नियम एक वर्ष करून बघा. दुखापत झाली तर गोष्ट वेगळी. पालकांना रेषेपासून दहा पावलं मागे उभं करा. टाळ्या तिथूनही ऐकू जातात. टर्फवाल्यांना विनंती, की शाळेच्या दिवसांत दुपारी जागा रिकामी असते तेव्हा तासभर दोन टर्फ एकत्र करून ऑफसाइड लावून खेळू द्या, आमच्यासारख्यांना परवडेल अशा दरात.

आणि महापालिकेला विनंती. मैदानं क्रिकेटबरोबर वाटून घ्यावी लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पावसाळ्यात ती आमचीच असतात. पण दोन दप्तरं ठेवून केलेल्या गोलला ना आडवा दांडा असतो ना कोपरा. बॉल वरून गेला की आत, यावरच अर्धा वेळ भांडण. ज्या मैदानावर मुलं फुटबॉल खेळतात तिथे जूनच्या आधी खऱ्या मापाच्या गोलपोस्टची एक जोडी आणि जाळी द्या. आमच्या मैदानासाठी मी तीनदा अर्ज केला आहे. पोस्ट शेवटी एका माजी विद्यार्थिनीच्या भावानं पाइप जोडून करून दिले. जाळी शिवडी कोळीवाड्यातल्या एका दादांनी दिली, मासेमारीचं जुनं जाळं, दोन ठिकाणी शिवलेलं. ते बांधल्याच्या दिवशी पहिला बॉल जाळीत गेला आणि ती फुगली, तेव्हा मुली खेळ सोडून तिथेच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तोपर्यंत ते फक्त टीव्हीवर बघितलं होतं.

अकरा नंबर आता रविवारी परत आमच्याकडेही येते. तिच्या वडिलांना मी गोलच्या मागे बॉल आणायला उभं केलं आहे. ते जाळं डाव्या कोपऱ्यात फाटायला आलं आहे आणि दुसऱ्या टोकाला अजून जाळीच नाही. वाचकांपैकी कुणाकडे जुनं जाळं पडून असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. आम्ही सकाळी साडेसहा ते नऊ मैदानावर असतो.

मुली लहान आहेत, ओळखल्या जाऊ नयेत, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.

कळावे,

एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
वडाळा, मुंबई